बाबांची गाठ आणि तात्यांची काडेपेटी

पेट्रोलचा वास आला की मला खटखटे लाडू आठवतात. पंपावर गाडी रांगेत उभी असते, मुलगा काच वर घ्यायला सांगत असतो, आणि माझ्या जिभेवर गूळ येतो, डावीकडची दाढ उगीचच ठणकते. "तुझं काहीतरीच असतं, आई," असं तो म्हणतो. त्याच्या गाडीत पेट्रोलचा वास कधी आलेला नाही. बॉनेट उघडलं तर आत सगळं काळ्या झाकणाखाली बंद. कुठून काय जातं हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असायची वेळही त्याच्यावर आलेली नाही. आमच्या गाडीचं पोट उघडं होतं, आणि त्या पोटात काय बिनसलंय हे घरातल्या प्रत्येकाला, जिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं त्या माझ्या आईलासुद्धा, नुसत्या वासावरून कळायचं.

माझे बाबा तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी चुलतभावांच्या हाती गेली आणि बाबा घरी आले. येताना समुद्रावरचा आवाज तेवढा घेऊन आले. जेवताना मीठ मागायचे तेसुद्धा दुसऱ्या होडीवरच्या माणसाला हाक मारावी तसं. आमच्या शेजारच्या काकू कितीतरी दिवस मिठाचा डबा घेऊन धावत यायच्या. आवाजाबरोबर आल्या त्या गाठी. आमच्या घरात खिळा म्हणून दिसायचा नाही. झोपाळा गाठीवर, खाटेचा मोडका पाय गाठीवर, रेडिओ भिंतीला गाठीनं बांधलेला, परसातल्या फाटकाला कडीऐवजी गाठ. लोणच्याच्या बरणीवरचं फडकंसुद्धा बाबाच बांधायचे, त्यामुळे लोणचं हवं असेल तर आईला आधी नवरा शोधून आणावा लागे. यात त्यांचं काही चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. खाऱ्या वाऱ्यावर खिळा वर्षभरात गंजतो, स्क्रूचं डोकं झडून जातं, आणि दोरीची गाठ मात्र भिजली की जास्तच आवळते. चाळीस-एक माणसांचा जीव ज्यानं दोरीवर सांभाळला, त्याला लोखंडावर विश्वास ठेव म्हणून कोणी सांगायचं?

आईचा विश्वास गुळावर. घरात काहीही झालं, कोणी रुसलं, कोणी पास झालं, कोणी पडून गुडघे फोडून आलं, की ती खटखटे लाडू करायला बसायची. बेसनाची शेव तळायची, गुळाचा पाक करायचा, शेव त्यात घालून गरम असतानाच वळायचं. पाक चुलीवर असतानाच तिला नेमकं कोणाशी तरी बोलायचं असायचं, म्हणून तो दर वेळी हवा त्याच्या पुढे जायचा. लाडू असे व्हायचे की मोठा माणूस एक तोंडात घालून बसला तर त्याच्याकडून बराच वेळ कसलीच हरकत ऐकू येत नसे. डब्यात ते खडखडायचे. दुपारच्या वेळी खाडीवरून येणारी इंजिनांची टकटक, माडांच्या झावळ्यांचा आवाज आणि कोणीतरी चोरून उघडलेल्या डब्यातली ती खडखड, हे माझं बालपण. त्याहून फार वेगळं काही मला आठवत नाही.

गाडी आणली ती वसंतमामानं. मामा मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठनं नवी घेतली आणि जुनी मामाच्या ओळखीनं आमच्याकडे आली. समुद्र सुटल्यापासून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वारा कुठला आहे ते सांगणाऱ्या बाबांना तिनं पुन्हा माणसात आणलं. चालवायला ते मामाकडून शिकले, पण शब्द स्वतःचेच ठेवले. बॉनेटला ते नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, म्हणत, स्टिअरिंगला सुकाणू. वळण आलं की "नाळ फिरव!" असं स्वतःलाच ओरडून सांगायचे आणि मग फिरवायचे. समोरून एसटी आली तर ती कुठल्या बाजूनं जाणार याचा अंदाज ते तिच्या ड्रायव्हरकडे न बघता झाडांच्या शेंड्यांकडे बघून घ्यायचे. आम्ही त्या गाडीला म्हातारी म्हणत असू. बाबांसमोर नव्हे.

त्या वर्षी मामा शिमग्याला आला आणि आल्या आल्या त्यानं बॉनेट उघडलं. पंपाकडून कार्बोरेटरकडे पेट्रोल नेणारा रबरी पाइप त्यानं बोटांनी वाकवला. वरून तो बरा दिसत होता, पण वाकवल्यावर त्यावर भेगाच भेगा उघडल्या.

"भावोजी, हा पाइप संपला. मी मुंबईहून नवा पाठवतो, सोबत क्लिपा पाठवतो. तुम्ही फक्त बसवा."

"दे पाठवून."

"पण बसवायचा कसा ते बघून घ्या. कुंदा, तू पण बघ." मामानं मला पुढे ओढलं, कारण घरात त्याचं पूर्ण ऐकून घेणारी मी एकटीच होते. "या लोखंडी नळीच्या तोंडाशी उंचवटा आहे, दिसतो? पाइप त्याच्या पलीकडे सरकला पाहिजे. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे. आवळायची, पण रबर कापेपर्यंत नाही. पाइप गरम सायलेन्सरला टेकता कामा नये. आणि थोडे दिवस गाडी चालली की परत एकदा हात लावून बघायचं."

"दोरी चालत नाय?" बाबांनी विचारलं.

"दोरी नको, तार नको. दोरी रबरात रुतते, तरी गळायचं ते गळतंच."

"माझ्या होडीच्या इंजिनाला कदी क्लिप बगितलीस? डिझेलचा पाइप दोरीनं बांधलेला. सगळा समुद्र फिरून आलाव, एक थेंब गळला नाय."

"भावोजी, ते डिझेल. हे पेट्रोल."

"दोन्ही पंपावरच मिळतात," बाबा म्हणाले आणि बोलणं संपलं.

मामा गेला. काही दिवसांनी त्याच्या ओळखीच्या एका चाकरमान्याबरोबर पाइप आला, मूठभर चकचकीत क्लिपाही आल्या. पाइप बाबांनी नवा घातला, त्यात काही हयगय केली नाही. क्लिपा मात्र हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, एका क्लिपेचा स्क्रू नखानं फिरवून बघितला, आणि परसात जाऊन माडांना पाणी घालायच्या पाइपाला नळापाशी लावून टाकल्या. मग आत येऊन जाळं विणायचा नायलॉनचा दोरा काढला आणि पेट्रोलच्या पाइपाच्या दोन्ही टोकांना अशा काही गाठी मारल्या की बघत राहावं. दोरा एकावर एक इतका नीट बसला होता की नव्या नवरीच्या हातातल्या बांगड्याच. आणि त्यावर कळस म्हणून राळ. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला राळ तेलात कढवून लावतात, समुद्राचं पाणी वर्षानुवर्षं आपटलं तरी ती ढिम्म हलत नाही. ती राळ बाबांनी सांध्यांना आत-बाहेर बोटानं नीट चोपडली. राळ पाण्याला दाद देत नाही पण पेट्रोलमध्ये विरघळते, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पेट्रोलच्या समुद्रात त्यांनी होडी कधी घातली नव्हती.

आता सुमाताई. माझी थोरली बहीण शिवणाचा क्लास घ्यायची. पावस गावची एक मुलगी त्या क्लासला यायची आणि तिला न्यायला तिचा भाऊ यायचा. सुरुवातीला तो वेळेवर यायचा, मग क्लास सुटायच्या आधी यायला लागला, पुढे पुढे तर क्लास नसेल त्या दिवशीही यायला लागला. सुधाकर त्याचं नाव. हापूसच्या कलमांतला माणूस, बोलायला लाजरा. ताई त्याच्याबद्दल घरात कधी अक्षर बोलली नाही, पण त्या दिवसांत तिनं माझ्या एका परकराला दोनदा नेफा शिवला आणि एकदाही शिवला नाही असं तिला वाटत होतं, यावरून आईनं काय ते ओळखलं. आईनं मध्यस्थ गाठला, पत्रिका गेल्या, जमल्या. आता उरले होते फक्त सुधाकरचे वडील, तात्या.

तात्या म्हणजे शकुनावर चालणारा माणूस. घरातून निघताना मांजर कुठल्या बाजूनं गेलं, पाल कुठे चुकचुकली, नारळ कसा फुटला, सगळ्याचा त्यांच्याकडे अर्थ तयार असायचा. सुधाकरसाठी आधी एक मुलगी जवळजवळ ठरली होती. बोलणी चालू असताना मुलीकडच्यांच्या बैलगाडीचं चाक अंगणातच निखळलं, तर तात्या चहाचा कप अर्धा ठेवून उठले ते कायमचे. हे मध्यस्थानं आम्हाला सांगितलं तेव्हा ताईनं हातातलं शिवण खाली ठेवलं आणि बाबांना विचारलं, "बाबा, आपली गाडी नीट आहे ना?"

"माझ्या हातची गाठ आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते उत्तर होतं.

तात्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला नातसून बघायची होती, म्हणून मुलगी घेऊन आम्हीच पावसला गेलो. बाबा सुकाणूवर, मागे आई, ताई आणि मी. माझ्या मांडीवर लाडवांचा डबा. जाताना गाडी छान गेली. भाट्याचा पूल, मग गोळपचा चढ, वर सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, वारा, सगळं एका दमात. थोडा वास येत होता, पण थोडा वास म्हातारीला नेहमीच यायचा. पावसला म्हातारीनं, म्हणजे तात्यांच्या आईनं, ताईचा हात हातात घेऊन तिच्या बोटांवरचे सुईचे बारीक व्रण चाचपले आणि "हीच" एवढंच म्हणाली. सुधाकर माजघराच्या दारात उभा राहून इतका वेळ एकाच खांबाला टेकून होता की खांब त्याच्यावर उभा आहे असं वाटावं. तात्यांनीही मान हलवली. "आता एकच ऱ्हायलां," ते म्हणाले. "तुमच्या घरच्या देवाफुडं नारळ ठेवून गाऱ्हाणां घालतंय. मग सुपारी फोडू. मी तुमच्याच गाडीनं येतंय."

गाडी निघाली तेव्हा तात्या पुढे बाबांच्या शेजारी बसले होते, पायाशी पिशवी, पिशवीत नारळ, उदबत्तीचा पुडा आणि सुपारी. सदऱ्याच्या खिशात विडीचं बंडल आणि काडेपेटी. ऊन चढलं होतं, इंजिन तापलं होतं. गाव मागे पडायच्या आत वास आला. हा नेहमीचा थोडा वास नव्हता. डोळ्यांत पाणी आणणारा होता. आईनं माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे बघितलं. मामा काय म्हणाला होता ते मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"बाबा, वास येतोय," मी म्हटलं.

"राळेचा येत असंल. नवीन हाय."

"राळेचा नाही, पेट्रोलचा."

"मंग पेट्रोलचा. गाडी हाय, अत्तराची बाटली नाय."

तात्या हसले, आणि हसता हसता त्यांचा हात खिशाकडे गेला. विडी ओठांत आली. काडेपेटी बाहेर आली. मी आज सत्तरीच्या घरात आहे, एवढ्या वर्षांत माझ्या आईइतक्या चपळाईनं हललेलं माणूस मी पाहिलेलं नाही. माझ्या मांडीवरच्या डब्यातून लाडू उचलून तिनं तो तात्यांच्या नाकासमोर धरला. "तात्या, आधी तोंड गोड करा!" विहिणीनं दिलेला लाडू नाही कसा म्हणणार? विडी कानावर गेली, लाडू तोंडात गेला, आणि गाडीत फक्त दातांचा आवाज ऐकू येऊ लागला. गोळपचा सडा येईपर्यंत त्या लाडवानं आम्हाला तारलं.

गाडी थांबवून बघावं असं कोणाच्या मनात आलं नाही असं नाही. आईनं माझ्या कानात सांगितलं, "थांबलाव तर ह्ये बॉनेट उघडतील, तात्या बघतील, आणि चाक निखळल्यागत होईल. घर गाठूया गो, घर गाठूया." ताई माझ्या पलीकडे बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

पहिला लाडू संपला, हात पुन्हा खिशाकडे गेला, मी दुसरा दिला. दुसऱ्यानंतर तात्या म्हणाले, "लाडू झकास हायत, पण आता बाय एक झुरका मारतंय." तिसरा लाडू त्यांनी हातातच धरला. आईनं क्षणभर डोळे मिटले आणि आमच्या घराण्यात कधीच नसलेली एक चाल तिथल्या तिथे जन्माला घातली.

"तात्या, रागावू नका, पण आमच्यात असां हाय. मुलगी पसंत पडल्यावर तिच्या घरचं पाणी पोटात जाईस्तोवर व्याह्यानं विस्तवाला हात लावायचा नाय."

बाबांनी आरशातून आईकडे बघितलं. त्यांच्या घराण्याची ही चाल त्यांना पहिल्यांदाच कळत होती. पण तात्यांच्या चेहऱ्यावर एकदम आदर आला. त्यांनी काडेपेटी खिशात ठेवली, विडी बंडलात ठेवली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "जुनी चाल दिसते. आमच्यात पण असंल, आमी इसरलाव." आणि स्वखुशीनं तिसरा लाडू खायला लागले. आईनं माझा हात दाबला. गोळपचा उतार आम्ही उतरलो तेव्हा मला वाटलं, जमलं.

भाट्याच्या पुलावर, बरोबर मधोमध, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. राळ पेट्रोलबरोबर कार्बोरेटरपर्यंत पोचली होती. पुढे गॅरेजवाल्यानं तो उघडला तेव्हा आत काकवीसारखं काहीतरी निघालं आणि त्यानं बाबांना विचारलं, तुम्ही टाकीत गूळ घालता काय? पण ते नंतर. त्या क्षणी खाली खाडी होती, एका बाजूला समुद्र, आणि पुढच्या सीटवर तात्या. ते हळूच म्हणाले, "थांबली."

  बैलगाडीचं चाक आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गडगडत होतं. आईच पुन्हा पुढे झाली. "देवानंच थांबवली असंल, तात्या. खाडीची शीव हाय, हितं नारळ द्यायचा ऱ्हायला."

तात्यांचा चेहरा उजळला. शीव ओलांडताना देवाला विचारावं लागतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते खाली उतरले, पिशवी घेऊन गाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आम्हीही उतरलो, हात जोडून मागे उभे राहिलो. तात्यांनी नारळ हातात धरला आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा! खाडीच्या अल्याडच्या, खाडीच्या पल्याडच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"आज जी काय ही पोरं एकमेकांच्या पदरात पडतायत, त्यास्नी तू सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गाडीच्या वाटेत जी काय इडापीडा आडवी आली असंल, ती तू दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज सगळ्यात मोठा. आणि एवढ्यात तात्यांनी नारळ बगलेत मारला, उदबत्तीचा पुडा काढला आणि काडेपेटी हातात घेतली.

"तात्या, विस्तव!" आई जवळजवळ किंचाळली.

"असूं दे. विडी आपली, उदबत्ती देवाची. देवाच्या उदबत्तीला चाल आडवी येत नाय." चालीरीतींत तात्या आईपेक्षा मुरलेले होते. त्यांनी काडी ओढली. पुलावरच्या वाऱ्यानं ती विझवली. दुसरी ओढली, तीही विझली. मग तात्यांनी शहाण्या माणसानं करावं तेच केलं, म्हणजे आडोसा शोधला. गाडीच्या पुढच्या चाकापाशी, इंजिनाच्या अगदी खाली, ते उकिडवे बसले. मला गाडीखालचा रस्ता दिसत होता. ओला होता, आणि वरून अजून थेंब पडत होता. बाबांनाही दिसला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी तोंड उघडलं, पण गाऱ्हाणं चालू असताना माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं: "व्हय म्हाराजा!"

तात्यांनी तिसरी काडी पेटीवर टेकवली, आणि सुमाताईनं ती पेटी त्यांच्या हातातून हिसकावली. जी मुलगी सकाळपासून मान वर करून बोलली नव्हती, तिनं सासऱ्याच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली, कठड्याशी धावत गेली आणि खाडीत भिरकावून दिली. मग वळून म्हणाली, "पेट्रोल गळतंय! पावसपासून गळतंय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अपशकुन म्हणून उठून गेला असता, म्हणून कोणी सांगितलं नाही. आता जायचं तर जा. पण जिवंत जा." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

बाबांनी बॉनेट उघडलं. त्या सुंदर गाठी पेट्रोलनं ओल्या होऊन सैल पडल्या होत्या, राळेचा मागमूस नव्हता, पाइपाचं टोक उंचवट्यावरून सरकून जेमतेम अडकलं होतं आणि तापलेल्या लोखंडावर थेंब पडून वाफ होत होती. बाबा ते बघत राहिले.  मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला रडू आलं, कारण त्या गाठीत त्यांची काहीच कुचराई नव्हती. ती त्यांच्या आयुष्यातली चांगली गाठ होती, फक्त चुकीच्या ठिकाणी मारलेली.

तात्या उठले. गुडघे झटकले. त्यांनी पाइपाकडे बघितलं, ओल्या रस्त्याकडे बघितलं, स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघितलं.  सवयीनं हात खिशाकडे गेला, विडी निघाली, पण पेटवायला काही नव्हतं.

"म्हंजे ती विस्तवाची चाल...?" त्यांनी आईला विचारलं.

"आमच्यात हाय," आई म्हणाली. "आजपासून हाय."

 मागून एक एसटी येऊन थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आम्ही तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बैलगाडीच्या एका चाकापायी ते अर्धा कप चहा टाकून उठले होते. शेवटी त्यांनी बगलेतला नारळ काढून पुन्हा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "गाऱ्हाणां अर्धां ऱ्हायलां. अर्धां गाऱ्हाणां टाकून जाता येत नाय." आणि उदबत्तीशिवायच, उभ्या उभ्या, पुढे सुरू केलं.

"बा म्हाराजा! आज माझ्या सुनेच्या हातून तू माझा जीव वाचवलास म्हाराजा!"

सुनेच्या म्हणाले. ताईनं पदर तोंडावरून काढला. आमच्याच्यानं "व्हय म्हाराजा" लगेच म्हणवलंच नाही. ते म्हटलं एसटीतल्या लोकांनी, खिडक्यांतून, एकसाथ.

"हिच्या हाताला अशीच धार ऱ्हावं दे, पण माझी विडी तेवढी सोडून!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बा म्हाराजा, माझ्या व्याह्याची गाठ समुद्रात ऱ्हावं दे! गाडीला क्लिप लावायची त्याला बुद्धी दे!"

एसटी गप्प झाली. हे उत्तर कोणी द्यायचं ते सगळ्यांनाच कळलं. बाबा बॉनेटला हात टेकून उभे होते. त्यांनी त्या ओल्या गाठीवरून एकदा अंगठा फिरवला, आणि ज्या आवाजानं शेजारच्या काकू मिठाचा डबा घेऊन धावत यायच्या त्या आवाजात नव्हे, अगदी साध्या, घरच्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

नारळ पुलाच्या कठड्यावर फुटला, चांगला दोन सारख्या वाट्यांत. तात्यांनी वाट्या निरखून पाहिल्या आणि समाधानानं मान हलवली. त्याच एसटीनं आम्ही घरी आलो. एसटीत तात्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, त्यातला एखादा लाडू उरलाय काय गो?" घरी आल्यावर पाणी पिऊन, सुपारी फोडूनसुद्धा ते विडीला हात लावायला तयार नव्हते. आईनं चुलीतला निखारा पुढे केला तेव्हा त्यांनी आधी हुंगून बघितलं. पुढेही आमच्याकडे आले की अंगणातच विचारायचे, "पेटवू काय?" आणि ताई घरात असेल तर तेही विचारायचे नाहीत, सरळ डब्याकडे हात करायचे.

गाडी संध्याकाळी चुलतभावांनी दोर बांधून ओढत आणली. त्या दोराची गाठ बाबांनी मारली होती आणि ती घरापर्यंत तसूभर हलली नाही. मग गॅरेजवाला येऊन कार्बोरेटर धुऊन गेला, पण पाइपाला बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर बाबा नळापाशी वाकून माडांच्या पाइपाच्या क्लिपा काढत होते. स्क्रू गंजायला लागला होता, म्हणून त्याला खोबरेल लावून, शिव्या न देता, हळूहळू. तिथे त्यांनी नायलॉनचा दोरा बांधला. ते घर आता माझ्या चुलतभावाच्या मुलाकडे आहे आणि तो पाइप किती वेळा बदलला असेल कोण जाणे, पण नळाला अजून दोराच आहे आणि पाण्याचा थेंब गळत नाही. मग बाबा गाडीशी गेले. पाइप उंचवट्याच्या पलीकडे सरकवला. मामानं सांगितलेलं मी एकेक सांगत होते आणि ते करत होते, क्लिप मागे, आवळायची पण कापायची नाही. एक टोक झालं तसे ते हात पुसायला लागले.

आई ओट्यावर शेव तळत होती. तिथूनच ओरडली, "दुसऱ्या टोकाला पण लावा. तिकडं गाठ मारून ठेवू नका."

बाबांचं डोकं बॉनेटमध्ये होतं. खिशातून त्यांनी दोऱ्याचं रीळ काढलं, क्षणभर हातात धरलं, आणि न बघताच माझ्याकडे दिलं.

"व्हय म्हाराजा," आतून आवाज आला.